पाद्र्याचे वंशज आणि त्रेचाळीस नंबरचं कापड

स्टर्लिंगजवळचं बॅनकबर्न हे गाव स्कॉटलंडच्या इतिहासात गाजतं ते १३१४ सालच्या लढाईमुळे. कापडवाल्यांच्या जगात मात्र त्याचं नाव विल्सन घराण्याच्या मागांमुळे झालं. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून विल्सन मंडळी ब्रिटिश सैन्यातल्या हायलंड पलटणींना टार्टन, म्हणजे चौकड्यांचं कापड, पुरवत होती आणि पुढे शौकीन गिऱ्हाइकांनाही. त्यांची १८१९ सालची नमुन्यांची वही अभ्यासकांना आजही उपयोगी पडते. या विल्सनांच्या नोंदींत लाल जमिनीवर हिरव्या-निळ्या पट्ट्या असलेलं एक कापड ‘नंबर ४३’ म्हणून येतं. तेच कापड कधी ‘कॅलेडोनिया’ असतं, तर कधी ‘किड’. टार्टनचे जाणकार सांगतात, की किड नावाच्या व्यापाऱ्याने ते वेस्ट इंडीजमधल्या गुलामांच्या कपड्यांसाठी मोठ्या प्रमाणात उचललं होतं, म्हणून त्याचं नाव कापडाला चिकटलं. पुढे याच कापडावर आणखी एक नाव चढलं आणि ते कायमचं राहिलं : ‘मॅकफर्सन’.

आज मेलबर्नमधल्या किंवा नोव्हा स्कोशियातल्या एखाद्या मॅकफर्सनच्या लग्नात नवरदेव या कापडाचा किल्ट घालतो, तेव्हा तो आठशे वर्षांची परंपरा अंगावर घेतल्याच्या भावनेने उभा असतो. हसण्यासारखं यात काही नाही, कारण परंपरा खरोखरच तेवढी जुनी आहे. फक्त कापड तेवढं जुनं नाही. या दोन गोष्टींची गाठ कशी पडली, हे पाहण्यासाठी आधी कारखाना सोडून डोंगरात जायला हवं.

स्कॉटलंडच्या मधोमध, केअरनगॉर्म पर्वताच्या पायथ्याशी, स्पे नदीच्या वरच्या खोऱ्याला बॅडेनॉख म्हणतात. किन्यूसी, न्यूटनमोर, लॅगन ही तिथली गावं. थंडी कडाक्याची, जमीन पाणथळ. धान्यापेक्षा गुरांवर जगणारा मुलूख. किन्यूसीचं देऊळ संत कोलंबाच्या नावाचं होतं. बाराव्या शतकात तिथे मुइरीख नावाचा एक पार्सन, म्हणजे त्या देवळाच्या उत्पन्नाचा धनी, होता. कुळाच्या परंपरेप्रमाणे ११७३च्या सुमारास तो क्लॅन खॅटनचा म्हणजे ‘मांजर कुळा’चा मुख्य झाला. त्याच्या वंशजांना गेलिक भाषेत ‘मॅक अ फर्सन’ म्हणू लागले, पार्सनचे पुत्र. गेलिक बोलणारे या कुळाला ‘क्लान मुइरीख’ असंही म्हणत.

पाद्र्याला मुलं कशी, हा प्रश्न कोणालाही पडेल. रोमच्या चर्चने धर्मगुरूंच्या लग्नावर आधीपासूनच डोळे वटारले होते. ११२३ आणि ११३९च्या लॅटरन परिषदांनी तर अशी लग्नं मोडीतच काढली. पण स्कॉटलंडच्या डोंगरांत जुन्या केल्टिक चर्चची रीत रेंगाळत होती. तिथे मठाचा प्रमुख बरेचदा एखाद्या सरदार घराण्यातलाच असे आणि ते पद बापाकडून मुलाकडे जाई. देवळाची जमीन, तिचा सारा आणि संताच्या अवशेषांची राखण हा सगळा वारशाचा भाग असे. शिवाय पार्सन व्हायला पूजा सांगायला लागेच असंही नव्हतं. उत्पन्न घ्यायचं आणि प्रार्थनेला एखादा व्हिकर नेमायचा, ही सोय होतीच. आपल्याकडे कुलकर्णी आणि देशपांडे ही कामं वतनं झाली आणि वतनांची आडनावं झाली, तसाच हा प्रकार.

मॅकफर्सन यात एकटे नाहीत. मॅकनॅब हे ग्लेनडोखर्टच्या मठाधिपतीचे वंशज. मॅकटॅगर्ट म्हणजे धर्मगुरूचा मुलगा, तर मॅकमिलन म्हणजे मुंडन केलेल्याचा. गिलीस हा येशूचा सेवक आणि मॅकलीन हे संत योहानाच्या सेवकाचे पुत्र. ‘क्लॅन खॅटन’ हे नावदेखील संत कॅटनच्या सेवकावरून, गिलेखॅटनवरून, आलं असं मानतात. मांजराचं चिन्ह बहुधा नावाच्या उच्चारसाम्यातून नंतर आलं असावं. ते आलं आणि संताला बाजूला सारून बसलं. आज मॅकफर्सनांच्या मुद्रेवर मांजर आहे, आणि हातमोजा घातल्याशिवाय मांजराला हात लावू नका, अशा अर्थाचं ब्रीद आहे. पाद्र्याच्या वंशाने घ्यावं असं हे ब्रीद नाही, पण बॅडेनॉखमध्ये पाद्रीपण फार काळ पुरणारं नव्हतं.

कुळाचा पुढचा इतिहास भाऊबंदकीचा आहे. १२९१ मध्ये क्लॅन खॅटनची वारस ईव्हा हिने मॅकिंटॉशांच्या अँगसशी लग्न केलं आणि मांजर कुळाचं मुख्यपण मॅकिंटॉशांकडे गेलं. मॅकफर्सनांचं म्हणणं असं, की मुइरीखचा पुरुष वंश आमच्याकडे आहे, तेव्हा मुख्य आम्हीच. हा वाद चारशे वर्षं धुमसला. १६७२ मध्ये क्लूनीच्या डंकन मॅकफर्सनने एडिंबरामधल्या राजचिन्हांच्या अधिकाऱ्याकडून आपणच क्लॅन खॅटनचे खरे प्रतिनिधी, असं लिहून घेतलं. मॅकिंटॉशांनी तक्रार केली आणि ते लेखी शब्द बदलावे लागले. तलवारीने न सुटलेला वाद कागदाने सोडवायचा प्रयत्न, आणि तोही फसलेला.

खुद्द मॅकफर्सनांतही तीन शाखा होत्या. क्लूनी, पिटमेन आणि इन्व्हरेशी या तीन ठिकाणच्या घराण्यांनी आपापलं मूळ तीन भावांपर्यंत नेलं. यांपैकी क्लूनीवाले पुढे आले, आणि ‘क्लूनी’ हे जमिनीचं नाव कुळाच्या मुख्याचं संबोधन होऊन बसलं. हायलंडमध्ये मुख्याला आडनावाने हाक मारत नाहीत, जागेच्या नावाने मारतात.

सगळ्यात गाजलेला क्लूनी म्हणजे १७४५च्या बंडातला इव्हन मॅकफर्सन. चार्ल्स एडवर्ड स्टुअर्ट, म्हणजे लोकांचा ‘बॉनी प्रिन्स चार्ली’, गादी मिळवायला फ्रान्सहून उतरला तेव्हा इव्हनने सरकारी पलटणीत कंपनी उभारण्याची सनद घेतलेली होती. म्हणजे माणूस विरुद्ध बाजूचा. बंडखोरांनी त्याला घरातून उचलून नेलं आणि काही दिवसांतच तो त्यांच्यातला झाला. तो धरला गेला की स्वतः गेला, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. मला वाटतं, दोन्ही बाजूंना खुलासा देता यावा अशी ही व्यवस्था होती, आणि हायलंडच्या मुख्यांना अशा व्यवस्था नव्या नव्हत्या.

त्याची माणसं १८ डिसेंबर १७४५च्या रात्री क्लिफ्टनच्या चकमकीत, इंग्लंडच्या भूमीवर, सरकारी घोडदळाशी लढली. पण १६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या माळावर बंडाचा चुराडा झाला तेव्हा मॅकफर्सन अजून वाटेतच होते. कुळात एक हिरवं निशाण होतं, आणि ते रणात असलं की हार होत नाही अशी श्रद्धा होती. निशाण पोचलं नाही म्हणून हरलो, हे स्पष्टीकरण त्यामुळे तयारच होतं.

यानंतरची गोष्ट मात्र दंतकथा नाही. सरकारने क्लूनीचं घर जाळलं, जमीन जप्त केली, त्याच्या डोक्यावर इनाम लावलं. इव्हन स्वतःच्याच मुलखात नऊ वर्षं लपून राहिला. बेन आल्डर डोंगराच्या उतारावर त्याने झाडांच्या खोडांत विणलेली, शेवाळ्याने शाकारलेली दुमजली झोपडी बांधली होती. तिला ‘क्लूनीचा पिंजरा’ म्हणत. चुलीचा धूर मागच्या करड्या खडकाच्या रंगात मिसळून जाई. १७४६च्या सप्टेंबरमध्ये काही दिवस खुद्द राजपुत्र तिथे राहिला आणि तिथूनच फ्रान्सच्या जहाजाकडे निघाला. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनने १८८६च्या ‘किडनॅप्ड’ कादंबरीत हा पिंजरा आणला आहे. त्यातला क्लूनी पत्ते खेळायचा शौकीन आहे. जमीन कसणारे खंडकरी जप्त जमिनीचा खंड सरकारला भरत आणि दुसरा खंड गुपचूप परागंदा मालकाला पोचवत. नऊ वर्षांत इनामासाठी कोणी तोंड उघडलं नाही. १७५५ मध्ये तो फ्रान्सला निघून गेला आणि परदेशातच वारला. त्याचा मुलगा डंकन याचा जन्म धान्य वाळवायच्या भट्टीच्या खोपटात झाला, कारण घर जळून गेलेलं होतं. जमीन परत मिळाली ती या डंकनला, १७८४ मध्ये.

कपड्यांवरचा कायदा याच काळातला. १७४६च्या कायद्याने हायलंडमधल्या पुरुषांना आणि मुलग्यांना डोंगरी पोशाख बंद झाला. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद, दुसऱ्याला सात वर्षं समुद्रापार रवानगी. सैनिकांना सूट होती, बायकांना हा कायदा लागू नव्हता. म्हणजे टार्टन विणायचं थांबलं नाही. ते गावच्या विणकराच्या हातून निघून लष्कराला पुरवठा करणाऱ्या मागांकडे गेलं. १७८२ मध्ये बंदी उठली तेव्हा छत्तीस वर्षं उलटली होती. जुने विणकर गेले होते, जुने घोंगडीवजा प्लेड विरले होते, आणि विल्सनांचे माग जोरात चालू होते.

टार्टनची वीण समजली तर पुढचा घोटाळाही समजतो. उभे आणि आडवे धागे एकाच क्रमाने रंगांत मांडतात आणि दोन धागे वर, दोन धागे खाली अशी तिरकी वीण घालतात. लाल उभा लाल आडव्याला भेटला की गडद चौकोन पडतो. लाल हिरव्याला भेटला की मिश्र रंग. रंग दोन असले तर छटा तीन, चार असले तर दहा, सहा असले तर एकवीस. पट्टा किती धाग्यांचा, याचा क्रम एका टोकापर्यंत जातो आणि तिथून उलटा फिरतो. या एका आवर्तनाला सेट म्हणतात. कागदावर आकडे लिहिले की जगातला कोणताही विणकर तोच कपडा काढू शकतो. मात्र आकडे लिहायची ही सवय कारखान्याची आहे. डोंगरातला विणकर मनातून किंवा एखाद्या काठीवर धागे गुंडाळून काम करी. दगडफूल आणि रानातल्या मुळ्या-पानांचे रंग मिळतील तसे आणि बाहेरून आलेली नीळ परवडेल तशी.

मग कापडावर कुळाचं नाव होतं का? मार्टिन मार्टिनने १७०३ मध्ये छापलेल्या पश्चिम बेटांच्या वर्णनात म्हटलं आहे, की बेटाबेटांत आणि मुलखामुलखांत चौकड्या बदलतात आणि जाणत्याला त्यावरून माणसाचा गाव कळतो. गाव; कुळ नव्हे. एका खोऱ्यात एक विणकर असेल आणि शेजारीपाजारी बहुतेक एकाच आडनावाचे असतील, तर गाव आणि कुळ जवळपास एकच दिसेल हेही खरं. पण कुळाचा एक ठरलेला, नोंदलेला नमुना ही कल्पना नंतरची. कलोडनच्या मैदानात मित्र कोण आणि शत्रू कोण हे टोपीवरच्या पांढऱ्या फितीवरून ओळखायचं होतं, किल्टवरून नव्हे.

ही कल्पना पक्की केली लंडनमध्ये राहणाऱ्या हायलंडरांनी. १७७८ मध्ये स्थापन झालेल्या लंडनच्या हायलंड सोसायटीने १८१५ मध्ये कुळमुख्यांना पत्रं पाठवली : आपापल्या टार्टनचा तुकडा सही-शिक्क्यानिशी पाठवा. कित्येक मुख्य गोंधळले. लॉर्ड मॅकडॉनल्डने कळवलं, की मॅकडॉनल्ड टार्टन नेमका कोणता हे मलाच ठाऊक नाही, तुम्हीच शोधा. स्ट्रुअनच्या रॉबर्टसनने म्हाताऱ्यांना विचारलं, तर प्रत्येकाचं उत्तर निराळं. अशा वेळी विल्सनांची वही सगळ्यांच्या कामाला आली. १८२२ मध्ये कादंबरीकार वॉल्टर स्कॉटच्या योजकतेखाली राजा चौथा जॉर्ज एडिंबरात आला, किल्ट घालून मिरवला. मग मागणी एवढी वाढली की विल्सनांना माग वाढवावे लागले. ज्याला-त्याला आपल्या नावाचं कापड हवं होतं आणि कारखान्याकडे आकड्यांची कापडं होती. नंबर ४३चं मॅकफर्सन होण्याची वाट ही अशी.

मॅकफर्सनांचा आणखी एक नमुना आहे, आणि मला तो जास्त आवडतो. त्याचं नाव ‘ब्रेकन ग्लास’, करडा प्लेड. राखाडी जमिनीवर काळे पट्टे आणि बारीक रंगीत रेघा. क्लूनीच्या घरातल्या जुन्या प्लेडवरून तो घेतला, असं कुळाचं सांगणं आहे. १८४२ मध्ये सोबिएस्की स्टुअर्ट म्हणवणाऱ्या दोन भावांनी ‘व्हेस्टिएरियम स्कॉटिकम’ नावाचं पुस्तक छापलं. सोळाव्या शतकातल्या हस्तलिखितातून कुळांचे टार्टन उतरवले आहेत, असा त्यांचा दावा होता. ते हस्तलिखित धड कोणाला तपासायला मिळालं नाही आणि आज ते पुस्तक बनावट मानतात. त्यात मॅकफर्सनांचाही नमुना आहे. त्या काळच्या क्लूनीने मात्र बजावलं, की हे भाऊ या देशात कोणाला माहीत होण्याआधीपासून आमच्याकडे करडा प्लेड आहे. त्याचं म्हणणं खरं असेल, तर बनावट पुस्तकात शिरलेला हा एक अस्सल कपडा.

बनावटीचा विषय निघाला की जेम्स मॅकफर्सनला टाळता येत नाही. रुथवेनच्या लष्करी बराकींजवळ वाढलेल्या या मुलाने दहाव्या वर्षाच्या आतबाहेर कलोडननंतरची धूळधाण पाहिली. १७६०पासून त्याने ओशन नावाच्या प्राचीन गेलिक कवीची भाषांतरं म्हणून काव्यं छापली आणि युरोप वेडा झाला. नेपोलियनदेखील चाहत्यांत होता. सॅम्युएल जॉन्सनने हे सगळं ढोंग आहे असं उघड सांगितलं. आजचं मत मधलं आहे : जुन्या गेलिक गाण्यांचे तुकडे खरे, त्यांवर उभं केलेलं महाकाव्य त्याचं स्वतःचं. ह्यू ट्रेव्हर-रोपरसारख्या इतिहासकाराने १९८३ मध्ये किल्ट, टार्टन आणि ओशन यांना एकाच माळेत ओवून हायलंड परंपरा म्हणजे कारागिरी, असा निकाल दिला. त्याचे पुरावे भक्कम आहेत; निकाल मात्र मला घाईचा वाटतो. कापडाचं लेबल नवं म्हणून ते पांघरणाऱ्यांचं नातं नवं ठरत नाही. बेन आल्डरवर इनामाला न भुललेली माणसं ही कोणत्याही वहीतून आलेली नव्हती.

या जेम्सचा मित्र जॉन मॅकफर्सन हा स्काय बेटावरच्या पाद्र्याचा मुलगा, आणि तो थेट आपल्या इतिहासात येतो. दोघांनीही अर्काटच्या नवाबाची वकिली करून पैसा केला. जॉन पुढे कंपनीच्या कौन्सिलात शिरला आणि वॉरन हेस्टिंग्ज गेल्यावर फेब्रुवारी १७८५ ते सप्टेंबर १७८६ हंगामी गव्हर्नर जनरल होता. त्याच सुमारास महादजी शिंद्यांनी बादशहा शाह आलमच्या नावाने कंपनीकडे बंगालच्या थकलेल्या खंडणीची मागणी केली. मॅकफर्सनने कडक शब्दांत ती फेटाळली आणि महादजींना ती मागे घ्यावी लागली. पुणे दरबारी चार्ल्स मॅलेटला इंग्रजांचा वकील नेमलं तेही याच्याच कारकिर्दीत. महादजींना ते मुळीच रुचलं नव्हतं. नंतर आलेल्या कॉर्नवॉलिसने जॉनच्या कारभाराची वशिलेबाजी म्हणून निर्भर्त्सना केली.

क्लूनीचं घराणं पुढे कर्जात बुडालं. १९४०च्या दशकात वाड्यातल्या वस्तू लिलावात निघाल्या तेव्हा जगभरच्या मॅकफर्सनांनी वर्गणी काढून त्या सोडवल्या, आणि १९५२ मध्ये न्यूटनमोरला संग्रहालय उघडलं. स्कॉटलंडमधलं हे पहिलं कुळ-संग्रहालय. तिथे हिरवं निशाण आहे. १३९६ मध्ये पर्थच्या मैदानावर, राजासमोर, तीसविरुद्ध तीस माणसांची जी कत्तलीची लढाई झाली तिच्याशी जोडलेली बॅगपाइपची काळी नळी आहे. बॅन्फला १७०० मध्ये फासावर गेलेल्या दुसऱ्याच एका जेम्स मॅकफर्सन नावाच्या दरोडेखोराचं मोडकं फिडलही आहे. फासाखाली उभा राहून त्याने वाजवलं आणि ऐकणाऱ्यांतून कोणी घ्यायला पुढे येईना म्हणून मोडलं, अशी कथा. सज्जनांबरोबर दरोडेखोरालाही जपणारं हे कुळ मला त्यामुळे जरा जवळचं वाटतं.

टार्टनची सरकारी नोंदवही २००९ पासून एडिंबरामध्ये सुरू आहे. मॅकफर्सनांचे अनेक प्रकार तिच्यात आहेत, आणि निळ्या-काळ्या-पांढऱ्या रंगांचा ‘क्लर्जी’ म्हणजे पाद्र्यांचा टार्टनही आहे. कोणी कोणता घालावा यावर कायद्याचं कसलंही बंधन नाही. पर्थहून इनव्हर्नेसला जाणारी रेल्वे न्यूटनमोर आणि किन्यूसी दोन्ही गावांत थांबते. जाणार असाल तर उन्हाळ्यात जा, आणि दुकानातला लाल किल्ट बघण्याआधी संग्रहालयातला करडा प्लेड नक्की पाहा.